तोशाखाना प्रकरण: विकणारा आणि घेणारा एकाच खुर्चीत

सप्टेंबर 2018 मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान सौदी अरेबियाच्या दौऱ्यावर गेले. युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्याकडून त्यांना ग्राफ या दागिने-घड्याळांच्या कंपनीचा एक संच भेट मिळाला: मनगटी घड्याळ, कफलिंक्सची जोडी, पेन आणि अंगठी. घड्याळाच्या तबकडीवर काबाची आकृती होती. संचाची नोंद तोशाखान्यात, म्हणजे परदेशी भेटी जमा होणाऱ्या सरकारी भांडारात झाली, किंमत ठरली आणि ठरलेल्या किमतीच्या जेमतेम पाचव्या हिश्शात तो पंतप्रधानांनीच विकत घेतला.

सवलतीचा हा दर तेव्हाच्या नियमात बसणारा होता. प्रकरणाचे खरे महत्त्व इथेच आहे. चोरी, लाच किंवा बनावट कागद असता तर नैतिकतेचा प्रश्न लगेच सुटला असता. इथे कागद सरळ होता आणि तरीही व्यवहार सार्वजनिक मालमत्तेला तोट्यात घालणारा होता. पुढची पाच-सहा वर्षे पाकिस्तानात चर्चा झाली ती खान दोषी की निर्दोष याची. ज्या नियमामुळे पदावरचा माणूस स्वतःच्या खात्याचा एकमेव ग्राहक बनतो, त्या नियमाची चर्चा फार कमी झाली.

व्यवस्था कशी चालत होती

पाकिस्तानचा तोशाखाना 1974 पासून कॅबिनेट विभागाच्या अखत्यारीत आहे. परदेशी राज्यकर्त्यांकडून मिळालेली भेट या विभागाला कळवायची, तिथे जमा करायची, मग तिचे मूल्यांकन होते. त्यासाठी सरकारी तज्ज्ञ असतात आणि विभागाच्या यादीवरचे खासगी मूल्यांकनकारही. मूल्य ठरले की भेट स्वीकारणाऱ्याला विचारले जाते: वस्तू ठेवायची आहे का? हवी असेल तर ठरावीक रक्कम माफ धरून उरलेल्या मूल्याची ठरावीक टक्केवारी भरायची आणि वस्तू घरी न्यायची. ही टक्केवारी आधी 15 होती, पुढे 20 झाली आणि डिसेंबर 2018 मध्ये खान यांच्याच सरकारने ती 50 केली.

स्वीकारणाऱ्याने नको म्हटलेल्या वस्तूंचा लिलाव व्हायचा, पण तोही आधी सरकारी आणि लष्करी अधिकाऱ्यांपुरताच. त्यांनी सोडलेले सामान्य नागरिकाच्या वाट्याला. 2021 मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने हा बंदिस्त लिलाव भेदभाव करणारा ठरवला. म्हणजे पंतप्रधान असो वा कक्ष अधिकारी, सवलतीची रांग आतल्यांसाठीच होती.

मोटारी आणि पुरातन वस्तू मात्र स्वीकारणाऱ्याला देता येत नाहीत, असे नियम सांगतो. मोटारी सरकारी ताफ्यात जायच्या, पुरातन वस्तू संग्रहालयात. तरीही 2008 मध्ये नवाझ शरीफ यांना एक मर्सिडीज मिळाली. तिचे मूल्य सुमारे 42 लाख 55 हजार पाकिस्तानी रुपये धरले गेले आणि तिच्यासाठी भरले गेले सुमारे 6 लाख 36 हजार. आसिफ अली झरदारी यांनी परदेशातून आलेल्या बीएमडब्ल्यू आणि लेक्सस मोटारी अशाच 15 टक्क्यांत घेतल्या, आणि या मोटारींवरून 2020 मध्ये राष्ट्रीय उत्तरदायित्व ब्युरोने, म्हणजे पाकिस्तानच्या भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने, दोघांविरुद्ध, तसेच माजी पंतप्रधान युसूफ रझा गिलानी यांच्याविरुद्ध प्रकरण दाखल केले. पक्ष कोणताही असो, दार सगळ्यांना उघडे होते.

संचाचा हिशेब

आता ग्राफच्या संचाचे आकडे पाहू. सगळे पाकिस्तानी रुपयांत आहेत.

घड्याळ 8 कोटी 50 लाख, कफलिंक्स 56 लाख 70 हजार, पेन 15 लाख, अंगठी 87 लाख 50 हजार. बेरीज 10 कोटी 9 लाख 20 हजार. त्यातून माफीचे 30 हजार वजा केले की राहतात 10 कोटी 8 लाख 90 हजार. त्याचे 20 टक्के म्हणजे 2 कोटी 1 लाख 78 हजार, आणि नेमकी हीच रक्कम भरली गेली. काही महिन्यांनी आलेला 50 टक्क्यांचा नियम लागू असता तर 5 कोटी 4 लाख 45 हजार भरावे लागले असते. नुसत्या टक्केवारीच्या फरकाने तिजोरीचे तीन कोटींहून अधिक गेले.

बहुतेक टीकाकार इथेच थांबले: टक्केवारी वाढवा, 20 चे 50 करा, 50 चे 80 करा. पण टक्केवारी लागते ती मूल्याला. मूल्यच चुकीचे असेल तर त्याचे 100 टक्के भरूनही मालमत्ता फुकापासरी जाते.

या घड्याळाच्या बाबतीत मूल्याचे तीन वेगळे आकडे सार्वजनिक झाले. तोशाखान्याने धरले 8 कोटी 50 लाख. खान यांच्या म्हणण्यानुसार ते पुढे इस्लामाबादच्या बाजारात 5 कोटी 10 लाखांना विकले गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये दुबईतल्या एका व्यावसायिकाने दूरचित्रवाणीवर दावा केला की हे घड्याळ त्याने 20 लाख डॉलर्सना घेतले, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 28 कोटींना. खान यांच्या पक्षाने हा दावा फेटाळला.

पहिला आकडा खरा मानला तर मालकाने तीन कोटी चाळीस लाख कमी घेऊन घड्याळ विकले, आणि ते कोणी का करेल हा प्रश्न उरतो. दुसरा खरा मानला तर सरकारी मूल्यांकन दीडपटीहून जास्त फुगलेले होते. तिसरा खरा मानला तर ते तिपटीने कमी होते. यातले काय खरे हे सांगायला कोणाकडेही साधन नाही, कारण वस्तू उघड्या बाजारात बोलीसाठी कधी आलीच नाही. आणि तिन्ही आकड्यांत एक गोष्ट समान आहे. तिजोरीत भरलेल्या रकमेतला घड्याळाचा वाटा सुमारे 1 कोटी 70 लाख होता. खान यांचा स्वतःचा आकडा धरला तरी एकट्या घड्याळावरचा नफा 3 कोटी 40 लाखांचा होतो. हा नफा कसब, भांडवल किंवा जोखीम यांतून आलेला नाही. तो केवळ पदामुळे मिळालेल्या पहिल्या हक्कातून आला.

मूल्यांकन नेमके कुठे बिघडते

सीमाशुल्क खात्याच्या तज्ज्ञाला सोन्याचे वजन, कस, हिऱ्याचे कॅरेट, रंग, शुद्धता यावरून किंमत काढता येते. आयात होणाऱ्या मालासाठी ही पद्धत चालते. पण नामवंत कंपनीच्या एकमेव नगाची किंमत सोन्या-हिऱ्यात नसते. ती नाममुद्रेत, दुर्मिळतेत आणि घड्याळाच्या आतल्या यंत्रणेत असते. सोबतचा डबा, प्रमाणपत्र आणि अनुक्रमांक असला तर किंमत वर जाते, नसला तर कोसळते. त्यामुळे मूल्यांकनाला पाठवताना डबा आणि कागद मागे ठेवले तरी आकडा खाली आणता येतो, आणि कागदावर कुणी काही खोटे लिहिलेले नसते.

दुसरी अडचण तुलनेची. फ्लॅटची किंमत ठरवायला शेजारचे पाच व्यवहार सापडतात. काबाची आकृती असलेल्या, खास बनवून घेतलेल्या घड्याळाला शेजार नसतो. अशा वेळी एकच मार्ग उरतो: आंतरराष्ट्रीय लिलावगृहाकडून लेखी अंदाज मागवणे, आणि शक्यतो दोघांकडून.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी आहे आणि तिचा तंत्राशी संबंध नाही. मूल्यांकनकाराला काम कोण देते? कॅबिनेट विभाग. विभाग कोणाच्या हाताखाली? पंतप्रधानांच्या. आणि विकत घेणारे कोण? पंतप्रधान. अशा साखळीत दबावाचा फोन यायलाही लागत नाही. खासगी मूल्यांकनकाराला पुढचे काम हवे असते, सरकारी अधिकाऱ्याला बदली नको असते, आणि आकडा आपोआप खाली सरकतो.

2021 मधल्या दुसऱ्या एका संचाच्या बाबतीत हा मुद्दा न्यायालयात आला. बुल्गारी कंपनीचा दागिन्यांचा तो संच मे 2021 च्या सौदी दौऱ्यात मिळाला होता. त्याचे मूल्य 58-59 लाखांच्या आसपास धरले गेले आणि निम्मे, म्हणजे सुमारे 29 लाख भरले गेले. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार संचाची खरी किंमत 7 कोटींहून अधिक होती. मूल्यांकन करणारा खासगी इसम साक्षीदार म्हणून उभा राहिला आणि आपल्यावर दबाव होता असे त्याने सांगितले. डिसेंबर 2025 मध्ये विशेष न्यायालयाने खान आणि त्यांच्या पत्नी बुशरा बीबी यांना प्रत्येकी 17 वर्षांची शिक्षा सुनावली. आरोप राजकीय सूडातून झाल्याचे खान पहिल्यापासून सांगत आले आहेत.

या संचासाठी 50 टक्क्यांचा, म्हणजे कडक मानला गेलेला नियम लागू होता, हे लक्षात घ्या. सरकारी पक्षाचा आकडा धरला तर 7 कोटींच्या वस्तूसाठी 29 लाख, म्हणजे प्रत्यक्षात चार टक्क्यांच्या आसपास. कागदावरची टक्केवारी 20 वरून 50 वर गेली आणि प्रत्यक्ष मोबदला खाली आला.

न्यायालयांनी नेमके काय तपासले

हे प्रकरण बाहेर आले ते एका पत्रकाराच्या अर्जातून. पाकिस्तानच्या 2017 च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्याने भेटींचा तपशील मागितला. माहिती आयोगाने जानेवारी 2021 मध्ये तो देण्याचा आदेश दिला. कॅबिनेट विभाग त्याविरुद्ध इस्लामाबाद उच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद असा, की भेटींची माहिती उघड झाली तर इतर देशांशी संबंध बिघडतील. नात्याची एवढी काळजी असेल तर भेट बाजारात विकताना ती कुठे होती, हा प्रश्न रास्तच आहे. देणाऱ्या देशाला अधिक काय बोचेल, नोंदवहीतली ओळ की दुकानाच्या काचेमागे ठेवलेले आपले घड्याळ?

पुढे संसदेच्या अध्यक्षांनी पाठवलेल्या प्रकरणावर निवडणूक आयोगाने 21 ऑक्टोबर 2022 ला खान यांना अपात्र ठरवले. 5 ऑगस्ट 2023 ला सत्र न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. 29 ऑगस्टला ती उच्च न्यायालयाने स्थगित केली. आयोग आणि सत्र न्यायालय या दोन्ही ठिकाणी दोष होता तो मालमत्तेच्या विवरणपत्रात भेटी आणि विक्रीची रक्कम नीट न दाखवल्याचा. वस्तू सवलतीत घेतल्याबद्दल शिक्षा नव्हती, ती असूही शकत नव्हती.

तिसरे प्रकरण उत्तरदायित्व ब्युरोचे. सौदी युवराजांकडून आलेल्या आणखी एका दागिन्यांच्या संचाचे मूल्य सुमारे 1 कोटी 80 लाख धरले गेले आणि 90 लाख भरले गेले. ब्युरोच्या म्हणण्यानुसार खरी किंमत 316 कोटी. 31 जानेवारी 2024 ला खान आणि बुशरा बीबी यांना 14 वर्षांची शिक्षा झाली, 1 एप्रिलला तीही स्थगित झाली. 1 कोटी 80 लाख आणि 316 कोटी, हे एकाच वस्तूचे दोन अधिकृत आकडे. पहिला इतका लहान की पटत नाही, आणि दुसराही बोलीतून आलेला नाही. मूल्यांकनाची व्यवस्था एकदा कोसळली की ती आरोपीला संशयाच्या भोवऱ्यात टाकते आणि सरकारी पक्षालाही पुराव्याविना ठेवते. प्रामाणिक पदाधिकाऱ्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधनच या व्यवस्थेने दिले नाही.

जुना कायदा काय सांगत होता

विश्वस्ताने विश्वस्त मालमत्ता स्वतः घ्यायची नाही, हे तत्त्व उपखंडाला नवे नाही. 1882 च्या न्यास कायद्याच्या कलम 52 नुसार, मालमत्ता विकण्याची जबाबदारी असलेला विश्वस्त किंवा त्याचा प्रतिनिधी ती मालमत्ता प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने विकत घेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 21, नियम 73 तेच न्यायालयीन विक्रीला लावतो: विक्रीशी संबंधित कोणतेही काम ज्याच्याकडे आहे त्याने बोली लावायची नाही. 1860 च्या दंडसंहितेचे कलम 169 तर थेट लोकसेवकासाठी आहे. जी मालमत्ता घ्यायला त्याला कायद्याने मनाई आहे ती त्याने स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा भागीदारीच्या नावाने घेतली, तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि मालमत्ता जप्त. हे कलम पाकिस्तानच्या दंडसंहितेत आजही त्याच क्रमांकाने आहे. भारतात ते भारतीय न्याय संहितेचे कलम 203 झाले.

या तरतुदींत किंमत रास्त होती का, हे विचारलेलेच नाही. विश्वस्ताने पूर्ण किंमत भरली तरी मनाई आहे. कारण ज्याला वस्तू हवी आहे त्याच्या हातून ती विकण्याचे काम निष्पक्ष होईल, हे तपासण्याची सोय नसते. तोशाखान्याच्या नियमाने हे तत्त्व उलटे केले: ज्याला सर्वांत शेवटी उभे करायला हवे त्याला सर्वांत आधी उभे केले, आणि वर सूट दिली.

«मेरा तोहफ़ा, मेरी मर्ज़ी» असे खान एप्रिल 2022 मध्ये म्हणाल्याचे वार्ताहरांनी दिले. सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. ते घड्याळ मनगटासाठी नव्हते, पदासाठी होते. 2018 च्या त्या दिवशी पंतप्रधान दुसरा कोणी असता तर डबा त्याच्या हातात गेला असता.

2023 नंतर, आणि इतरत्र

12 मार्च 2023 ला पाकिस्तान सरकारने 2002 पासूनची नोंद, 446 पाने, संकेतस्थळावर टाकली. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, मंत्री, सनदी अधिकारी सगळे त्यात दिसले. त्याच महिन्यात नवे धोरण आले: 300 डॉलर्सहून महाग भेट कोणालाही ठेवता येणार नाही. टक्केवारीचा खेळ यामुळे मोठ्या वस्तूंपुरता संपला. पण 300 डॉलर्सच्या आत की बाहेर हेही मूल्यांकनच ठरवणार, म्हणून वर सांगितलेली तिसरी अडचण तशीच उभी आहे.

अमेरिकेत मर्यादेवरची भेट सरकारजमा होते. स्वीकारणाऱ्याला हवी असेल तर पूर्ण बाजारमूल्य भरावे लागते. आँग सान सू ची यांनी दिलेला काळ्या मोत्यांचा हार हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडल्यावर 970 डॉलर्स भरून घेतला. भारतात तोशाखाना परराष्ट्र मंत्रालयात आहे. 1978 च्या नियमांत भेट 30 दिवसांत जमा करायची आणि मर्यादेवरची वस्तू हवी असेल तर फरकाची पूर्ण रक्कम भरायची अशी पद्धत आहे. मंत्रालय भेटींची यादीही प्रसिद्ध करते. पंतप्रधानांना मिळालेल्या स्मृतिचिन्हांचा 2019 पासून ऑनलाइन लिलाव होतो आणि पैसा नमामि गंगेला जातो. या लिलावात कोणीही बोली लावू शकतो, म्हणून किमतीवर कोणाला बोट ठेवता येत नाही.

पण भारतात हाच आजार जमिनीच्या बाबतीत दिसला. हैदराबाद महानगरपालिकेच्या हद्दीत खासदार-आमदार, सनदी अधिकारी, न्यायाधीश आणि पत्रकार यांच्या गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमीन बाजारभावाहून खूप कमी दराने देण्याचे धोरण तेव्हाच्या आंध्र सरकारने 2005 मध्ये आखले. उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2024 ला त्यावर शिक्कामोर्तब केले: राज्यघटनेतल्या समानतेच्या कलम 14 चा भंग, वाटप रद्द, भरलेली रक्कम व्याजासह परत. धोरण आखणारे, त्यावर सही करणारे आणि त्याचा न्यायनिवाडा करणारे, असे तिघेही लाभार्थ्यांच्या यादीत होते. घड्याळ निदान एकाच मनगटावर गेले होते.

दुरुस्त व्यवस्था कशी दिसेल

भेट हातात आल्यावर चोवीस तासांत छायाचित्र, वजन, अनुक्रमांक, डबा आणि प्रमाणपत्रासह नोंद झाली पाहिजे, आणि ही नोंद स्वीकारणाऱ्याच्या कार्यालयाने नव्हे, दूतावासाच्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे करावी. दौऱ्यावरून परतेपर्यंत वाट पाहिली की संचातला एखादा नग गळतो.

मूल्यांकनकारांची नेमणूक लेखापरीक्षकांच्या कार्यालयाकडे असावी. दोन अहवाल, एकमेकांना न दाखवलेले, मोहोरबंद. दोहोंत मोठा फरक आला तर सरासरी काढायची नाही, कारण एक आकडा मुद्दाम पाडला असेल तर सरासरी त्याला निम्मे यश देते. तिसरा अहवाल मागवायचा. मोठा आकडा राखीव किंमत म्हणून धरायचा आणि वस्तू खुल्या लिलावात काढायची. स्वीकारणाऱ्याने, त्याच्या कुटुंबाने आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी त्यात बोली लावायची नाही. परक्या माणसाला पुढे करून वस्तू परत घेण्याचा मार्ग बंद करायला विजेत्याकडून लाभार्थी कोण याचे प्रतिज्ञापत्र घ्यावे, आणि ठरावीक वर्षांत पुनर्विक्री झाली तर नफा तिजोरीत जमा व्हावा. रक्कम नोंद असलेल्या बँक खात्यातूनच यावी आणि ती जमा होण्याआधी ताबा मिळू नये. ताबा आधी मिळाला तर वस्तू विकून त्याच पैशातून सरकारची रक्कम भरता येते, म्हणजे घेणाऱ्याचा एक रुपयाही गुंतत नाही.

महाराष्ट्रात याच चौकटीतून तपासता येण्याजोगे व्यवहार जिल्ह्याजिल्ह्यात होत असतात: निर्लेखित, म्हणजे वापरातून काढून टाकलेल्या मोटारी, कार्यालयातले जुने फर्निचर, सागवानी दारे, बंद पडलेल्या विश्रामगृहातले सामान. माहिती अधिकारात अर्ज करताना «लिलावाची माहिती द्यावी» असे मोघम लिहू नये. निर्लेखनाचा प्रस्ताव आणि त्यावरच्या टिपण्या, मूल्यांकन अहवालाची प्रत आणि मूल्यांकनकाराच्या नेमणुकीचे पत्र, राखीव किंमत ठरवल्याची टिपणी, जाहिरात कोणत्या वर्तमानपत्रात कोणत्या तारखेला आली, बोलीपत्रकावरची सगळी नावे, रक्कम भरल्याची पावती आणि ताबापावती, असे सगळे कागद नावाने मागावेत. जाहिरातीची तारीख आणि लिलावाची तारीख यांत दोन-तीन दिवसांचेच अंतर निघाले, बोलीपत्रकावर तीनच नावे आणि तिन्ही एकाच पत्त्यावरची असली, किंवा ताबापावतीची तारीख रक्कम भरल्याच्या पावतीच्या आधीची असली, तर पहिल्या अपिलात त्या कागदांचे क्रमांक टाकून मूळ फाईल पाहू देण्याची मागणी करावी.